एकोणीस पाहुणे आणि सहा किलो चिवडा

तेलाची कढई एकदा चढली की तिच्याजवळून उठता येत नाही. हात गुंतलेले, डोळे तेलावर, मोकळं राहते ते फक्त तोंड. म्हणून फराळ करणाऱ्या बायांजवळ किस्से साचतात. आमच्याजवळ तर इतके साचले आहेत की दिवाळीत एखादी नवी बाई मदतीला आली, तर तिला पारी लाटायला शिकवायच्या आधी आम्ही किस्से ऐकवतो. बरेचसे दिवाळीचेच आहेत. पण "तो सांगा ना" म्हणून मागणी येते ती एका नाताळाच्या किश्श्याला.

आमचा ग्रुप तिघींचा. मी सुनंदा. माहेर एकोडीचं, घरची धानाची शेती; सासर वरठीचं, नवरा कारखान्यात शिफ्टला. दुसऱ्या शेवंतामावशी, बपेऱ्याच्या, वयानं सगळ्यात मोठ्या, आणि करंजीला अशी मुरड घालतात की पाहत राहावं. तिसरी प्रमिला, मोबाईलमध्ये पाहून रोज नवीन पदार्थ करणारी आणि तो आम्हाला खायला लावणारी. ग्रुपची हेड मी. मला कोणी निवडून दिलं नाही, पण आजवर कोणी विरोधही केला नाही.

तर डिसेंबर लागला होता आणि मार्था सिस्टर काठी टेकत माझ्या दारात आल्या. सिस्टर आमच्याच गल्लीत राहतात. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या, शेवटी हेड नर्स होऊन रिटायर झाल्या. नवरा वारला, पोरं बाहेरगावी, घरात एकट्या. गल्लीतल्या अर्ध्या पोरांना पहिली सुई त्यांनीच टोचली आहे. अजूनही मोठाले मिशीवाले पुरुष त्यांना पाहून गाडीवरून उतरतात.

"सुनंदा, नाताळले माझ्या घरी एकोणीस जण येऊन राहिले. चार दिवस."

"अरे वा सिस्टर, मजा आहे."

"मजा कायची? राउंडले येऊन राहिले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गेल्या वर्षी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून पुण्याचा मुलगा सॅमू आणि नागपूरची मुलगी रूथ यांनी ठरवलं होतं की आईला आता एकटीला होत नाही. तिला पुण्याला न्यायचं आणि इथलं घर विकायचं. या नाताळाला दीर-नणंदेसकट सगळे जमणार, आणि सगळ्यांनी मिळून आईला "हो" म्हणायला लावायचं, असा बेत.

"मी या घरातून हालणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण नुसतं नाही म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत. त्यांले दिसलं पाहिजे. टेबल भरलेला दिसला पाहिजे अन् मी उभी दिसली पाहिजे. उभी मी राहते. टेबल तुम्ही भरा. अन् पोरांले वाटलं पाहिजे का सगळं मीच केलं."

मी म्हटलं, "झालं समजा." मला नाही म्हणता येत नाही असं नाही. पण ज्या बाईनं माझी दोन्ही बाळंतपणं केली, तिचं घर विकून तिला पुण्याला नेतात म्हणजे काय? माझं डोकंच फिरलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सिस्टर यादी घेऊन आल्या. आम्हाला वाटलं, पदार्थांची असेल. पाहतो तर पाहुण्यांची! नावापुढे झोपायची जागा आणि त्याच्यापुढे तब्येत.

"सोफ्यावर माझा दीर. शुगर. मधल्या खोलीत नणंद, वरचे दात नाहीत. बाजूच्या खोलीत जावई, तेलकट चालत नाही पण खातो. गच्चीवरच्या खोलीत सहा पोरं. त्यांले काहीही चालते, फक्त मोजून द्यायचं."

शेवंतामावशींनी यादी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "बाई, हे पाहुणे होय का भरती झालेले पेशंट?"

"चार दिवस भरतीच समजा," सिस्टर म्हणाल्या.

मग निवडानिवड सुरू झाली. मावशींचं म्हणणं, अनारसे पाहिजेत. माझं म्हणणं, चकली पाहिजे, कारण माझ्या चकलीसारखी चकली भंडाऱ्यापर्यंत कोणाला जमत नाही. सिस्टरला केक पाहिजेच होता, आणि करंजी, कारण त्यांच्या सासूपासून नाताळाला करंजी होत आली होती. प्रमिलानं मोबाईल पुढे केला. त्यात खोबऱ्याच्या बर्फीचा बर्फाचा माणूस होता, मनुकांचे डोळे, गाजराचं नाक.

"पोरं खूश होतील," प्रमिला म्हणाली. आणि आम्ही काही बोलायच्या आत तिनं नमुना करूनही आणला.

तो आम्ही ओट्यावर उभा केला. बाजूला कढई चालू होती. थोड्या वेळानं तो एका बाजूला कलायला लागला. मग आणखी कलला. मावशी म्हणाल्या, "याले चक्कर येऊन राहिली."

सिस्टर खुर्चीतूनच म्हणाल्या, "डोकं खाली करा, पाय वर करा."

बर्फाचा माणूस यादीतून गेला. शेवटी ठरलं ते असं: करंजी, चकली, अनारसे, चिवडा, केक, नणंदेसाठी मऊ बेसनाचे लाडू, दिरासाठी बिनसाखरेचं वेगळं ताट, आणि पंचवीस तारखेला दुपारी गरम गरम लाखोळीच्या डाळीचे वडे. ते आमच्याकडचे आहेत, पुण्यात मिळत नाहीत. मी ते मुद्दाम टाकले.

*

आता माझी चूक सांगते. माझ्या एकटीची म्हणावी अशी ती एकच.

त्याच आठवड्यात माझ्या भावानं एकोडीवरून नवीन तांदूळ पाठवला होता. पोतं उघडलं की सगळ्या घरात वास. मी धान पिकवणाऱ्या घरची. नवा तांदूळ आला की पहिल्यांदा तो पाहुण्याच्या ताटात गेला पाहिजे, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. मी सांगून टाकलं, अनारसे या तांदळाचे करायचे.

मावशी म्हणाल्या, "सुनंदा, अनारशाले जुना तांदूळ लागते."

"मावशी, शेतातला पहिला माल आहे. घरी नवा तांदूळ असताना पाहुण्यांले मागच्या वर्षीचा चारू का?"

मावशी गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की सावध व्हायला पाहिजे, हे मला वीस वर्षांत कळलं नाही. तांदूळ तीन दिवस भिजवला, वाळवला, कुटला, गुळात मळून ठेवला. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो विरघळला. दुसराही विरघळला. जाळी पडायच्या ऐवजी सगळा चुरा तुपावर तरंगत होता. अनारसा असा फुटून पसरला की बाया म्हणतात अनारसा हसला. माझे तर एकजात सगळे हसले.

मावशी झाऱ्यानं चुरा काढत होत्या. तेवढ्यात सिस्टर राउंडला आल्या. हो, त्या रोज संध्याकाळी पाच वाजता माझ्या स्वयंपाकघरात राउंडला यायच्या, आणि प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून पदार्थाचं नाव आणि तारीख लिहायच्या. त्यांनी तो चुरा पाहिला.

"हे काय?"

"नवीन पदार्थ आहे," मी म्हटलं.

सिस्टरनी चिमूटभर तोंडात टाकला. "चांगला आहे. नाव काय लिहू?"

मावशी म्हणाल्या, "सुनंदा लिहा."

आणि त्यांनी खरंच लिहिलं! तो डबा तसाच टेबलावर गेला. चुरा असल्यानं चावायचं काम नव्हतं. नणंदबाईंनी पहिल्याच दिवशी दोन वाट्या सुनंदा खाल्ली आणि रात्रीसाठी झाकून ठेवायला सांगितली.

*

चिवड्याचं मात्र तिघींचं मिळून झालं.

चिवडा करायला आम्ही नाताळाच्या आधीचा गुरुवार धरला. तिघीही रिकाम्या होत्या, म्हणून बरं वाटलं. कोणाच्याही डोक्यात आलं नाही की मार्गशीर्ष चालू आहे आणि आम्ही तिघीही मार्गशीर्षातले गुरुवार धरतो. सकाळी पूजा मांडून, उपास धरून तिघी कढईजवळ येऊन बसलो. चव कोण पाहणार?

मी म्हटलं, "हातानं अंदाज येतो. पंचवीस वर्षं झाली." आणि चिवडा सुरू केला.

प्रमिलानं फोडणीतच मीठ टाकलं. मावशींना ते दिसलं नाही, त्यांनी पोह्यांवर भुरभुरवलं. मी शेवटी सगळं एकत्र करताना टाकलं, कारण शेवटचा हात नेहमी माझा असतो. प्रत्येकीनं मीठ बरोब्बर टाकलं होतं, हे मी आजही सांगते. कोणाच्याही अंदाजात चूक नव्हती.

पाच वाजता सिस्टर आल्या. त्यांनी मूठभर चिवडा तोंडात टाकला, थांबल्या, चष्मा काढला.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "एकोणीस जणांले हे दिलं तर मले सलाईन लावायची गरज नाही."

आता उपाय एकच होता. मीठ तिप्पट, तर पोहे तिप्पट. प्रमिला स्कूटीवर जाऊन पोहे, शेंगदाणे, डाळवा, खोबरं घेऊन आली. दोन किलोंचा चिवडा सहा किलोंवर गेला. घरातले गंज भरले, पिपे भरले, माझ्या पोराची शाळेची जुनी पेटीसुद्धा धुऊन पुसून भरली. चव अशी जमली की माझा उपास नसता तर मी तिथंच बसून खाल्ला असता.

पण एकोणीस माणसं चार दिवसांत सहा किलो चिवडा खात नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "वाटून टाका." दर नाताळाला त्यांच्या घरून सात-आठ घरी ताट जायचं. त्या वर्षी चोवीस तारखेला सकाळी प्रमिलानं आणि मी दोन गल्ल्या पालथ्या घातल्या. चिवडा, वर दोन करंज्या आणि एक चकली. सिस्टरची नाव कोरलेली ताटं संपली, तर मग त्यांचे डबे, मग वाट्या, शेवटी एका घरी चहाच्या किटलीत चिवडा दिला.

*

केक मिक्सरमध्ये फेटून घरी झाला, पण भाजायचा भंडाऱ्यातल्या एका बेकरीच्या भट्टीत. नाताळाच्या आधी तिथं साऱ्या ख्रिस्ती घरांचे केकचे डबे येतात आणि सगळे सारखेच दिसतात. अदलाबदल होऊ नये म्हणून सिस्टरनी आमच्या चारही डब्यांना चिकटपट्टी लावली. त्यावर नाव, गाव, वेळ आणि खाली लाल पेनानं "उलटं करू नये".

पीठ सांडू नये म्हणून लिहिलं होतं त्यांनी. बेकरीवाला भला माणूस. त्यानं केक अगदी झकास भाजला आणि डब्यातून काढलाच नाही. डबा उलटा केल्याशिवाय केक निघत नाही, आणि उलटं करू नये असं लिहिलेलं! आम्ही गेलो तेव्हा केक गार होऊन डब्याला घट्ट धरून बसले होते.

"भाऊ, काहून नाही काढला?" मी विचारलं.

"हेड नर्सबाईची ऑर्डर होती," तो म्हणाला. "मले त्यांनी सुया टोचल्या आहेत."

*

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आम्ही सिस्टरची तालीम घेतली. त्यांनी आयुष्यात स्वयंपाक केला नाही असं नाही, पण ड्यूटी सांभाळून जेवढा होतो तेवढाच. रूथ सुगरण, ती खोलात जाऊन विचारणार, हे ठरलेलंच होतं. म्हणून प्रमिला रूथ झाली.

"आई, करंजीत मोहन किती घातलंस?"

"पाच एमएल."

"सिस्टर, चमच्यानं सांगतात," मी म्हटलं.

"एक चमचा."

"अन् दिवसातून किती वेळा, ते सांगू नका," प्रमिला म्हणाली.

सिस्टर हसल्या. मग उभं राहायची तालीम. ओट्याला धरून त्या उभ्या राहिल्या, पदर खोचून, हाताला पीठ लावून. मी घड्याळ लावलं. बाराव्या मिनिटाला त्यांचा पाय थरथरायला लागला. मी खुर्ची सरकवली, तर त्यांनी हातानं थांबवलं आणि आणखी दोन मिनिटं काढली. मग बसल्या.

"मले भेव वाटते सुनंदा," त्या म्हणाल्या. "पुण्याचं नाही. सॅमू चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण तिथं मी सकाळपासून सोफ्यावर बसीन, अन् सगळे म्हणतील, आई आराम करा. मले कोणी काही विचारायले येणार नाही. इथं माणसं मले पोराचा खोकला दाखवायले येतात."

मला वाईट वाटलं. खरं सांगते, तोवर मला ही आपल्या ग्रुपच्या नावाची गोष्ट वाटत होती.

*

सॅमू आला तसा घर पाहत फिरला. नळ गळतो, पायऱ्यांना कठडा नाही, गच्चीचं दार फुगलेलं. प्रत्येक वेळी तो आईला काही न बोलता बायकोकडे पाहायचा. मुलगा वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेली माणसं फार नीट हिशोबानं बोलतात, तसं बोलायचा. "मार्चपर्यंत घर मोकळं करू. कागदपत्रं मी पाहतो."

तरी दोन दिवस आमचं छान चाललं होतं. टेबल भरलेला, सिस्टर उभ्या. पंचवीस तारखेला सगळे चर्चमधून आले, दुपारी मी शेजारीण म्हणून मागच्या अंगणात वडे तळत होते आणि मावशी आत नेऊन देत होत्या. वड्यांवर पोरं तुटून पडली होती. जावई तर चौथ्या खेपेला स्वतःच ताटली घेऊन कढईजवळ आले. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मावशींबरोबर मीही आत गेले तेव्हा रूथच्या हातात करंजी होती. ती खात नव्हती. कडेनं फिरवून पाहत होती.

"आई, ही मुरड तू घातली?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "मोहन एक चमचा."

रूथ म्हणाली, "आई, तू आयुष्यात कधी मुरड घातली नाहीस. तू नेहमी कातण फिरवायचीस, दातेरी चाक. ड्यूटीवर जायचं असायचं तुला. आमच्या करंज्यांना कधीच मुरड नव्हती. मी शाळेत डब्यात करंजी नेली की पोरी विचारायच्या."

मावशींची मुरड! आम्ही सगळं लपवलं, आणि जे सगळ्यात सुरेख होतं त्यानंच पकडून दिलं. मावशी वड्यांची परात धरून दारातच उभ्या राहिल्या.

सिस्टर खोटं बोलणाऱ्या नव्हेत. "नाही घातली," त्या म्हणाल्या. "सुनंदाच्या घरी झालं सगळं. मले तेवढा वेळ उभं राहवत नाही."

मग सॅमू हळू आवाजात म्हणाला, "आई, आम्ही दुसरं काय म्हणतोय मग?"

सिस्टरचा चेहरा पार उतरला. मी इतक्या वर्षांत तो तसा पाहिला नव्हता. मी तोंड उघडलं, "सॅमू, ऐक बाळा—" तर सिस्टर म्हणाल्या, "सुनंदा, वडे गार होऊन राहिले."

"उद्या सकाळी चहा घेऊन बसू," सॅमू म्हणाला. "ठरवून टाकू."

घरी आल्यावर मावशी म्हणाल्या, "माझा हात मोडला असता तर बरं झालं असतं." मी त्यांना रागावले. मग आम्ही दोघीही रडलो.

*

सव्वीसची सकाळ. मी माझी कढई आणि झारा आणायला म्हणून गेले. खरं म्हणजे मला घरी बसवत नव्हतं. हॉलमध्ये सगळे जमलेले, खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि चहा ठेवायला गेले तर दूध संपलेलं.

सिस्टर म्हणाल्या, "सॅमू, कोपऱ्यावरून दोन लिटर आण. मग बसू."

तो साडेआठला निघाला. कोपरा आमच्या दारातून दिसतो. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. रूथनं फोन लावला, तर फोन टेबलावरच वाजला. दीर म्हणाले, "दूध काढायले गेला का काय?" सिस्टर मात्र नातीच्या स्वेटरची बटणं लावत बसल्या होत्या.

साडेदहाला फाटक वाजलं. पुढे सायकल दुरुस्तीवाला देवाजी, हातात सायकल. तिच्या दोन्ही हँडलना पिशव्या, कॅरियरवर तांदळाचं पोतं. मागे सॅमू. एका हातात आईच्या नावाच्या ताटांची चळत, दुसऱ्या काखेत एक जिता कोंबडा.

आमच्याकडे कोणाचं भांडं घरी आलं तर ते रिकामं परत जात नाही. दोन गल्ल्यांत त्या दिवशी सिस्टरची भांडी पडलेली, सगळ्यांच्या घरी नवं धान आलेलं, आणि समोरून सिस्टरचा मुलगा चाललेला. "सॅमू ना रे तू? थांब, ताट घेऊन जा." ताट दारातून देता येत नाही, बसावं लागते. बसलं की चहा. त्यानं अकरा घरी चहा घेतला होता. पिशव्यांतून तुरीच्या शेंगा निघाल्या, उकडलेले शिंगाडे, लाखोळीची डाळ, नवे पोहे, लोणच्याची बरणी. किटलीत कोणी तरी तूप भरून दिलं होतं.

"दूध?" रूथनं विचारलं.

सॅमूनं कोंबड्याकडे पाहिलं. "राहिलं," तो म्हणाला.

नणंदबाई सगळ्यात आधी हसल्या, मग पोरं. पोरांनी कोंबडा अंगणात नेला. देवाजी पोतं उतरवून, सिस्टरला हात जोडून गेला. सॅमू आईच्या बाजूला येऊन बसला.

"आई, देवाजीकडे आपल्या घराची चावी आहे."

"हाव."

"बाजूच्या मास्तरांच्या घरी पण आहे."

"सुनंदाकडेही आहे. तीन आहेत."

"तो म्हणाला, सकाळी सातपर्यंत तुझा पडदा उघडला नाही तर तो आत येऊन पाहतो."

"एकदाच आला होता. माझा डोळा लागला होता. मले उठवलं अन् वरतून मलेच रागावला."

सॅमू थोडा वेळ ताटांवरची नावं पाहत बसला. मग म्हणाला, "माझ्याकडे नाही चावी."

"तू कधी मागितली नाहीस," सिस्टर म्हणाल्या.

त्या सकाळी सगळ्यांनी बिनदुधाचा चहा घेतला. बैठक काही झाली नाही. कोणी विषय काढला नाही आणि खुर्च्या तशाच गोल राहिल्या.

दुपारी सॅमूनं माझ्या नवऱ्याची मोटारसायकल मागितली आणि भंडाऱ्याला गेला. कुठे ते कोणाला सांगितलं नाही. मी, मावशी आणि रूथ तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मावशी रूथला मुरड कशी घालायची ते हातवारे करून सांगत होत्या. तासाभरानं तो कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांबट घेऊन आला, देवाजीकडून ड्रिल मशीन आणली आणि सरळ बाथरूममध्ये शिरला.

"आई, जरा इकडे ये," त्यानं हाक मारली.

सिस्टर काठी टेकत गेल्या. आम्ही मागे. सॅमू ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला होता. कानावर पेन्सिल, आणि स्टीलचा एक जाड दांडा त्यानं दोन्ही हातांनी भिंतीला लावून धरला होता.

"किती उंचीवर बसवू?"

सिस्टरनी काठी माझ्या हातात दिली. हात लांब केला, दांडा मुठीत धरला आणि दोन बोटं खाली सरकवला.

"इथं," त्या म्हणाल्या. "अन् स्क्रू लंबे टाक. वीस वर्षं टिकला पाहिजे."